'अझर' सिनेमा: निर्दोष ठरवायच्या घाईत माणूसच हरवला

तिसरी स्लिप

२०१६ साली आलेला 'अझर' गेल्या आठवड्यात पुन्हा पाहिला. दिग्दर्शक टोनी डिसूझा, सामना निश्चितीचा (मॅच फिक्सिंग) आरोप झालेला भारताचा माजी कर्णधार अझरुद्दीन याच्या भूमिकेत इम्रान हाश्मी. पहिल्यांदा थिएटरात पाहिला तेव्हा चिडून बाहेर पडलो होतो, पण राग नेमका कशाचा ते कळलं नव्हतं. या वेळी कळलं, म्हणून लिहितोय.

सुरुवातीलाच पाटी येते की हे चरित्र नाही, काल्पनिक कथा आहे. आणि लगेच तोच वर केलेला कॉलर, गळ्यात तोच ताईत, ९९ कसोट्या, हैदराबाद, दुसरी बायको संगीता. सगळं तेच. म्हणजे अंगाशी येईल तिथे कल्पना आणि टाळ्या मिळतील तिथे सत्य. ही सोय मला मान्य नाही.

कथेचा कणा असा: बुकी (सामन्यांवर सट्टा लावून घेणारा) पैसे देऊ करतो, अझर ते घेतो. का, तर त्याने इतर खेळाडूंच्या मागे लागू नये म्हणून. पुढे पैसे परत करतो. मग कोर्ट, उलटतपासणी, विजय, जल्लोष. कुठेही शंकेला जागा नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. पहिल्या तीन कसोट्यांत तीन शतकं: कोलकाता ११०, मद्रास १०५, कानपूर १२२. १९८४ संपता संपता पदार्पण आणि फेब्रुवारी १९८५ उजाडेपर्यंत हा पोरगा देशभर लाडका झालेला. त्यानंतर डिसेंबर १९९६, पुन्हा कानपूर, समोर दक्षिण आफ्रिका. अझर नाबाद १६३, आपण २८० धावांनी जिंकलो. आणि २००० साली सामना निश्चितीची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेतल्या किंग आयोगापुढे त्यांचा कर्णधार हॅन्सी क्रोनिएने साक्ष दिली की याच कानपूर कसोटीच्या वेळी अझरने हॉटेलच्या खोलीत त्याची मुकेश गुप्ता नावाच्या बुकीशी गाठ घालून दिली. अझरने हे कायम नाकारलं आहे.

दिवसा नाबाद १६३ आणि त्याच कसोटीतल्या एका खोलीबद्दल दोन माणसांच्या दोन गोष्टी, यातलं खरं काय हे सिनेमाने ठरवायची गरजच नव्हती. फक्त त्या दारापर्यंत न्यायचं होतं आम्हाला. ज्याने त्याच्यावर जीव लावला त्या प्रेक्षकाला ही शंका सोसवत नाही असं निर्मात्यांनी परस्पर ठरवलं. आम्ही तर ती २००० पासून सोसतोय.

नाईट वॉचमन

तिसरी स्लिप, पूर्ण असहमत.

५ डिसेंबर २००० ला भारतीय क्रिकेट बोर्डाने सामना निश्चितीच्या आरोपावरून अझरवर आजन्म बंदी घातली. ८ नोव्हेंबर २०१२ ला आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मधली बारा वर्षं कोण परत देणार? बंदी आली तेव्हा माणूस ३७ वर्षांचा होता, शंभराव्या कसोटीला एक सामना कमी. याच प्रकरणात अजय जडेजावर पाच वर्षांची बंदी होती. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला २००३ मध्ये मोकळं केलं आणि पुढे समालोचक म्हणून तो घराघरांत पोचला. मला त्याचा आनंदच आहे. पण अझरसाठी तो दरवाजा बारा वर्षं बंद राहिला.

त्या बारा वर्षांत त्याच्याविरुद्ध किती रकाने छापले गेले आणि त्याची बाजू किती ओळींत आली? एक सिनेमा त्याच्या बाजूने आला तर इतकं काय बिघडलं? तुम्हाला शंका दाखवणारा सिनेमा हवा आहे. अहो, शंका तर फुकट मिळत होती, चहाच्या टपरीवरसुद्धा. विश्वास कोणी दाखवत नव्हतं.

आणि ज्याच्या सहकार्याने सिनेमा बनतो, तो त्याच्या बाजूचाच असणार. यात फसवणूक कसली?

वकिली चष्मा

दोघांनाही थोडं थांबवतो, कारण २०१२ च्या निकालाचा अर्थ दोन्हीकडून ताणला जातो.

अझरवर फौजदारी खटला कधी चाललाच नाही. बोर्डाच्या बंदीविरुद्ध तो स्वतः हैदराबादच्या दिवाणी न्यायालयात गेला होता. तिथे २००३ मध्ये हरला, मग अपील, आणि उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं की ही बंदी कायद्याने टिकत नाही. प्रश्न बोर्डाच्या निर्णयाचा होता. 'याने सामना विकला का' याचा निवाडा करायला ते न्यायालय बसलं नव्हतं. सिनेमात मात्र खुनाच्या खटल्यासारखा पिंजरा आहे, लारा दत्ताची वकील आरोप करते, टाळ्या पडतात. अपिलात असं नाट्य नसतं हो. कागद असतात, आधीच्या कोर्टातली नोंद असते आणि दोन बाजूंचे वकील त्यावर तासन्‌तास बोलतात.

सीबीआयचा २००० चा अहवाल वेगळाच आहे. अझरने काही सामन्यांबाबत कबुली दिल्याचं त्यात नोंदलंय, त्याने नंतर ते नाकारलं. तपास यंत्रणेच्या अहवालातली अशी नोंद म्हणजे न्यायालयात सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. शिवाय आपल्याकडे सामना निश्चितीसाठी स्वतंत्र कायदाच नव्हता, त्यामुळे एकही भारतीय खेळाडू आरोपी म्हणून उभा राहिला नाही आणि कोणाची साक्ष घासून तपासलीही गेली नाही.

तेव्हा नाईट वॉचमन, सामना निश्चितीबाबत कायद्याच्या नजरेत त्याच्यावर कसलाही डाग नाही, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. २०१९ मध्ये तो हैदराबाद क्रिकेट संघटनेचा अध्यक्षही झाला. आणि तिसरी स्लिप, निकालातून सिनेमाने काढलेला अर्थ निकालात नाही, हे तुमचंही बरोबर.

आकाशवाणी ऐकणारी

मी जरा वेगळ्या बाजूने लिहिते.

आमच्या कॉलनीत पाकिस्तानविरुद्धचा सामना हरलो की दुसऱ्या दिवशी सकाळी अझरच्या नावाने कुजबुज सुरू व्हायची. हे २००० च्या कितीतरी आधीचं. त्या बोलण्याला पुरावा लागायचा नाही, त्याचं नाव पुरायचं. मी तेव्हा शाळेत होते आणि मोठ्या माणसांशी भांडायचे. सचिन शून्यावर गेला की तो चेंडू चांगला असतो आणि अझर शून्यावर गेला की वेगळंच काही असतं, हे कसं, असं विचारायचे. वडील माझ्या बाजूने असायचे. तेवढा एकच माणूस माझ्या बाजूने.

मग २००० ची दिवाळी. सीबीआयच्या अहवालाच्या बातम्या. वडिलांनी पेपर वाचला, घडी करून ठेवला आणि दिवसभर त्यावर एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी जिन्यात शेजारचे काका भेटले, मला म्हणाले, "बघ, आम्ही काय सांगत होतो." मला आजही तो जिना आठवतो. कारण ते सांगत होते ते हे नव्हतंच. त्यांचा आरोप वेगळा होता आणि तो खोटाच होता. पण त्या दिवशी दोन्ही आरोप एकच होऊन गेले आणि मला उत्तर देता आलं नाही.

अझरवर सिनेमा करायचा तर हे करा ना! एका माणसावर चुकीच्या कारणासाठी वर्षानुवर्षं संशय घेतला गेला, आणि मग वेगळाच, गंभीर आरोप समोर आला. त्याच्यासाठी भांडणाऱ्यांनी काय करायचं? सिनेमात दोन्ही बायकांना गाणी आणि अश्रू यापलीकडे फार काही दिलेलं नाही, तिथे आमच्यासारख्यांची काय कथा.

फॉलोऑन

वरचा प्रतिसाद दोनदा वाचला.

त्याला जोडूनच सांगतो की मी नाईट वॉचमनच्या बाजूने का आहे. २००० नंतर लोकांनी जुना प्रत्येक सामना उकरायला घेतला. सगळ्यात आवडता म्हणजे १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स, विश्वचषकाचा उपांत्य सामना. "नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं म्हणजे नक्की काहीतरी होतं." मी हे लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकलंय.

अहो, त्याआधी अकराच दिवस, २ मार्चला दिल्लीत याच श्रीलंकेने आपल्या २७१ धावा आरामात पार केल्या होत्या, सहा गडी राखून. जयसूर्याने सुरुवातीलाच आपली गोलंदाजी फोडली होती. जो संघ कितीही धावांचा पाठलाग करतोय त्याला आधी फलंदाजी द्यायची, हा विचार शंभरातल्या नव्वद कर्णधारांनी केला असता. ईडनवर श्रीलंकेचे पहिले दोन गडी पहिल्याच षटकात गेले, तेव्हा हा निर्णय कोणालाच चुकीचा वाटला नव्हता. पुढे खेळपट्टी फुटली. १ बाद ९८ वरून ८ बाद १२०. अझर शून्यावर गेला, पण त्या तासाभरात बाकीचेही गेलेच की. कांबळी रडत बाहेर आला त्यामागे चेंडू वळत होता, एवढंच.

निर्णय चुकला असेल. चुकलेला निर्णय आणि विकलेला निर्णय यांच्यातलं अंतर लोकांनी पुसून टाकलंय. अशा हवेत त्याची बाजू जोरात मांडणारा एक सिनेमा मला खटकत नाही.

तिसरी स्लिप

फॉलोऑन, १९९६ बद्दल शब्दन्‌शब्द मान्य. त्या सामन्याबद्दल मीही असंच भांडलोय.

पण मग तुम्हालाच विचारतो, हा सिनेमा ती हवा स्वच्छ करतो का? 'त्याने पैसे घेतले, पण चांगल्या हेतूने' असं दाखवल्यावर टपरीवरचा माणूस काय म्हणणार? "बघा, पैसे घेतले हे त्यांनीच दाखवलं." बचाव करायला निघाले आणि हातात आयतं कोलीत दिलं. नुसतं "मी केलं नाही" म्हणणारा अझर यापेक्षा जास्त सन्मानाचा दिसला असता.

नाईट वॉचमन, सहकार्य घेतलं की सिनेमा त्याच माणसाच्या बाजूचा होतो, हे मला पटत नाही. १९८० चा 'रेजिंग बुल' घ्या. मार्टिन स्कॉर्सेसीचा, बॉक्सर जेक लामोटावर. त्याच्याच आत्मचरित्रावरून केलेला, लामोटा जिवंत होता, रॉबर्ट डी नीरोला त्याने स्वतः मुष्टियुद्ध शिकवलं. तरी त्या सिनेमात तो बायकोला मारतो, भावाला तुडवतो आणि १९४७ ची बिली फॉक्सविरुद्धची लढत मुद्दाम हरतो. हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये ढसाढसा रडतो. त्याला माफ करा असं कोणी आपल्याला सांगत नाही. पण ते रडणं बघितल्यावर त्या माणसाला विसरता येत नाही.

नाईट वॉचमन

उदाहरण चांगलं आहे, पण नेमकं तुमच्या विरुद्ध जातं.

लामोटाने १९६० मध्ये अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे स्वतः कबूल केलं होतं की ती लढत त्याने सोडली. वीस वर्षांनी सिनेमाने ते दाखवलं, यात धाडस आहे, पण माणसावर अन्याय नाही. अझर आजपर्यंत नाही म्हणतोय. जो नाही म्हणतोय, ज्याच्यावरची बंदी उच्च न्यायालयाने उठवली, त्याला पडद्यावर हॉटेलच्या त्या खोलीत बसवायचं? उद्या तुमच्या-माझ्या बाबतीत कोणी असं केलं तर?

क्रोनिएची साक्ष तुम्ही खूप भरवशाने वापरता. क्रोनिए आधी सरळ खोटं बोलला होता, मग कबूल झाला. त्या कबुलीत त्याने दुसऱ्यांबद्दल जे सांगितलं त्याची उलटतपासणी अझरच्या वतीने कोणी केली? २००२ मध्ये तो विमान अपघातात गेला. आता ती होणारही नाही.

पैसे घेण्याचा प्रसंग सिनेमाला महागात पडला, हे मात्र मान्य करतो. पाहताना मलाही तिथे अडखळल्यासारखं झालं होतं.

तिसरी स्लिप

क्रोनिएच्या साक्षीबद्दलचा मुद्दा मी पुरेसा तोलला नव्हता. ती न तपासलेली साक्ष आहे हे मूळ लेखात लिहायला हवं होतं.

तरी मला कबुली नकोच आहे. कॅमेरा त्या खोलीच्या आत गेला नाही तरी चालेल. बाहेर थांबू द्या. एकाने असं सांगितलं, दुसऱ्याने नाही म्हटलं, आणि सकाळी तोच दुसरा माणूस कॉलर वर करून फलंदाजीला आला. एवढं दाखवायला कोणाची बदनामी करावी लागत नाही.

पॉइंटचा फिल्डर

सगळे खोलीबद्दल बोलताय, मला मैदानाबद्दल बोलायचंय. माझ्यासाठी सिनेमा तिथेच पडला.

इम्रान हाश्मीने चाल उचललीय, मान वाकडी करणं, खांदे उडवणं, कष्ट दिसतात. पण ते मनगट कुठून आणणार? ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू मिडविकेटला जायचा आणि त्यात जोर लावल्याचं कुठे दिसायचं नाही. १९९० चं लॉर्ड्स आठवा. गूचचे ३३३, आपल्यावर धावांचा डोंगर, आणि हा १२१ करतोय जणू सकाळी नेटमध्ये आलाय. किंवा १९९६ चं कोलकाता. जखमी होऊन बाहेर गेलेला, सात गडी गेल्यावर परत आला आणि पदार्पण करणाऱ्या क्लूसनरला एका षटकात सलग पाच चौकार. ७४ चेंडूंत शतक. त्यानंतर केपटाऊन, सचिनबरोबर २२२ ची भागीदारी, ११० चेंडूंत ११५. पॉइंटला उभा राहून वाकून एका हाताने चेंडू उचलायचा आणि तसाच खालून यष्टीवर फेकायचा, ते वेगळंच.

हे पडद्यावर खरं वाटलं नाही तर पुढच्या आरोपाने पोटात खड्डा पडत नाही. ज्याने हा सिनेमा २०१६ साली पहिल्यांदा पाहिला आणि अझरला खेळताना कधी पाहिलं नव्हतं, अशा माझ्या भाच्याने मला विचारलं, "पण मामा, तो इतका भारी होता का?" मी यूट्यूब लावून त्याला ईडनचं ते षटक दाखवलं. सिनेमाने करायचं काम मला करावं लागलं.

वकिली चष्मा

पॉइंटचा फिल्डर, मनापासून सहमत. आणि नाईट वॉचमन, 'काल्पनिक कथा' अशी पाटी टाकण्यामागे कायदेशीर भीतीही असते, ती खरी आहे. त्यात बाकी मंडळीही हयात, फक्त अझर नव्हे. पण भीती असेल तर नाव बदलून करावा.

आकाशवाणी ऐकणारी

एक राहिलं होतं.

त्याची शेवटची कसोटी, मार्च २००० चं बंगळूर. आपण डावाने हरत होतो, समोरचा कर्णधार क्रोनिए. अझरने १०२ केल्या. पहिल्या कसोटीत शतक आणि शेवटच्यातही. तेव्हा ती शेवटची आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. ७ एप्रिलला दिल्ली पोलिसांनी क्रोनिएच्या बुकीशी झालेल्या संभाषणाची टेप असल्याचं जाहीर केलं. मध्ये पाच आठवडे सुद्धा नाहीत.

त्या शतकाच्या वेळी वडील टीव्हीसमोर उभे राहून टाळ्या वाजवत होते. हरणाऱ्या सामन्यात, एकटेच. नंतर कधी जुन्या सामन्यांचं प्रक्षेपण लागलं आणि त्यात अझर आला, तर ते चॅनल बदलायचे नाहीत. आवाज बंद करायचे आणि बघत बसायचे.