धुक्यातले डोंगर आकाशात पसरतात, काय करू?

रंगछटा: जलरंगात पहाटेचं धुकं काढतोय. आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा हात) ओला असताना मागचे डोंगर टाकले की ते वर पसरतात, वाळू दिलं तर कड कडक येते. वाळल्यावर सगळं सारखंच मळकट राखाडी. कागद २०० जीएसएमचा (चौरस मीटरला २०० ग्रॅम) सेल्युलोज, म्हणजे लाकडाच्या लगद्याचा. रंग अल्ट्रामरीन आणि थॅलो ब्लू (दोन्ही निळे), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा).

ओलीकड: घोळ ब्रशमधल्या पाण्याचा आहे. कागद उजेडात तिरपा धरून बघा. पाणी चकाकतंय तोवर थांबायचं. चकाकी मावळून नुसती ओलसर झाक उरली की डोंगर टाका. रंग दाट, ब्रश फडक्यावर टिपलेला. कागदापेक्षा ब्रश ओला असला की त्यातलं पाणी आधीच्या रंगाला ढकलतं आणि फुलकोबीसारखे डाग उठतात. बोर्डाची वरची बाजू १०-१५ अंश उचलून ठेवा, म्हणजे रंग आकाशाकडे न जाता खाली उतरेल. माथ्याची कड जराशी ठाम राहू द्या, पायथा मात्र स्वच्छ, ओलसर ब्रशने विरवा. धुकं दिसतं ते पायथ्याशीच. तुमच्या कागदावर या सगळ्याला फार थोडा वेळ मिळतो. ३०० जीएसएमचा कॉटन कागद दोन्ही बाजूंनी भिजवलात तर बराच जास्त मिळेल.

तिसराहात: मळकटपणाचं कारण वेगळं, टोनमध्ये, म्हणजे गडद-फिकेपणात, फरकच नाही. जलरंग वाळला की फिका पडतो, म्हणून ओला असताना थोडा जास्तच गडद वाटला पाहिजे. आधी पूर्ण कागदावर ऑकरचा अगदी पातळ वॉश द्या. दूरच्या डोंगराला अल्ट्रामरीनमध्ये किंचित बर्न्ट सिएना, पुढे येताना सिएना वाढवा आणि पाणी कमी करा. सगळ्यात जवळ एकच झाड गडद, स्पष्ट कडेचं. ते नसेल तर बाकीचं धुकं न वाटता नुसतं फिकं वाटतं. मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढलात की टोन लगेच कळतात.

रंगछटा: आता वाळलेल्या चित्रावर पांढरा गुआश (अपारदर्शक जलरंग) फिरवला तर?

ओलीकड: नको, खडू फासल्यासारखं दिसेल. पायथ्याशी स्वच्छ पाणी लावा, काही सेकंदांनी टिश्यूने टिपा. सेल्युलोजवरून रंग तुलनेने सहज उठतो, तेवढाच या कागदाचा फायदा! अल्ट्रामरीन बराचसा निघेल. थॅलो ब्लू वापरला असेल तिथे मात्र घासू नका, तो धाग्यात मुरतो आणि कागदच सोलवटतो.