जुना प्रिन्स ऑफ पर्शिया अजून भ्या का घालतो?

रंकाळाकाठ:
मंडळी, परवा पुतण्याला प्रिन्स ऑफ पर्शिया हा जुना कॉम्प्युटर गेम दाखवला. १९८९ चा, आपल्याकडं क्लासात डॉसवर (विंडोजआधीची कॉम्प्युटर सिस्टीम) असायचा तोच. पोराच्या मोबाईलमधल्या गेमात केसन् केस हलतो, तरी गडी दोन तास उठला नाही. म्हणतो, "काका, भ्या वाटतंय ह्यात." मलाही वाटायचं. राजारामपुरीतल्या क्लासात सर पुढं कमांड शिकवायचे, मागच्या ओळीत आम्ही गेममधल्या तळघरात. एवढ्याशा बाहुल्यात हे येतंय कुठनं?

मागचा_बाक:
भावा, आवाज बंद करून खेळ, निम्मी भीती जाईल. खेळताना संगीत जवळजवळ नाहीच. मधेच एखादी छोटी धून (ती गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरच्या वडिलांनी रचलेली), की परत गप्प. मग पावलं ऐकू येतात, फरशीची खडखड, लांब कुठंतरी जाळीचं दार सरकतं. कुठलं दार ते दिसत नाही. पन्हाळ्यावर अंबरखान्यात दुपारचं एकटं शिरलायस कधी? आपलीच पावलं मागनं येतात. तसं.

दुसरं, वजन. मेकनरनं धाकट्या भावाच्या धावण्या-उड्यांचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि त्यावरनं एकेक चित्र काढलं. म्हणून प्रिन्स पळता पळता पटकन थांबत नाही, घसरतो. कडेला लोंबकळतो तेव्हा आपले हात दुखतात. असा माणूस सुळ्यांवर पडला की पोटात गोळा येणारच.

आणि ती सावली! गेम पहिल्यांदा बनला त्या अ‍ॅपल टू कॉम्प्युटरवर मेमरी संपली होती, नवा शत्रू काढायला जागाच नव्हती. मग प्रिन्सचीच चित्रं जराशी सरकवून एकमेकांवर चढवली आणि चमचमणारा दुसरा प्रिन्स उभा केला. चौथ्या लेव्हलला आरशातनं उडी मारली की तो बाहेर पडतो. बाराव्यात समोर येतो. त्याला वार केला की आपलीच ताकद जाते. तलवार म्यान करायची असते हे मला कोण सांगणार? आठवडाभर स्वतःलाच भोसकत होतो.

कटवाला:
भ्या घातलं म्हणजे वातावरण झालं का? मंकी आयलंड खेळा, १९९० चा. तो गेम बनवणाऱ्या रॉन गिल्बर्टनं त्यात मरण जवळजवळ ठेवलंच नाही, त्यामुळं माणूस निवांत हिंडतो, दिसंल ते उचलून बघतो. तलवारबाजी तर टोमण्यांची. त्यानं टोमणा मारायचा, आपण बरोबर उलटं उत्तर द्यायचं, नाहीतर हरलात. आमच्या कट्ट्यावर रोज हेच चालतंय. हिरो फुशारकी मारतो की मी १० मिनिटं श्वास रोखतो. त्याला पाण्याखाली तसाच ठेवून मी घड्याळ लावून बसलो. खरंच मेला की! लई हसलो.

शाहूपुरी_३:
तुम्हाला लहानपण आठवतंय, गेम नव्हे. आजच्या पोरानं खेळला तर पाच मिनिटांत कंटाळंल.

रंकाळाकाठ:
शाहूपुरी, वर नीट वाचा. पुतण्या १२ वर्षांचा आहे, त्याला कुठलं लहानपण आठवणार?

मागचा_बाक, काल दिवे घालवून, हेडफोन लावून बसवला. फरशी खडखडली तसा खुर्चीतनं उठलाच. आता सहाव्यात सावलीनं तोंडावर दार पाडलं, हा खाली सातव्यात. शिव्या मात्र मला. बाराव्यातलं म्यानाचं मी त्याला सांगणार नाही.