मदत हवी आहे: ओल्या मातीतही मिरचीची रोपं मलूल

दादरचा फ्लॅट, बाल्कनी नाही. मिरचीची रोपं खिडकीच्या आत, एलईडी ग्रो लाइटखाली (रोपं वाढवायच्या दिव्याखाली), आठ इंची कुंड्यांत आहेत. पावसाळा लागल्यापासून माती ओली असूनही पानं मान टाकतात, खालची पिवळी पडून गळतात. शेंड्याची पानं मात्र हिरवी आहेत. पानांमागे कीड किंवा जाळी दिसत नाही.

पाणी थांबवलं, कुंडीखालची ताटली काढली, दिवा वर घेतला, पंखा लावला. खत बंदच आहे. माती लाल, त्यात शेणखत आणि बरंचसं कोकोपीट (पाणी धरून ठेवणारा नारळाच्या काथ्याचा भुसा); त्यानेच मुळं कुजली असावीत असा संशय. ग्रिलमध्ये कुंड्या ठेवायला सोसायटी देत नाही.

रोपं आत्ताच उपसून कुजलेली मुळं कापावीत आणि पर्लाइट (पाण्याचा निचरा करणारे हलके पांढरे खडे) घातलेल्या मिश्रणात लावावीत, की मुळांना हात न लावता माती वाळू द्यावी? मुळं कापली, तर वरच्या फांद्याही छाटायच्या का?