प्रति: गिनीवरचा घोडेस्वार कुणाचा?

वर कुणीतरी म्हटलंय की गिनीवरचा (म्हणजे सॉव्हरिन या ब्रिटिश सोन्याच्या नाण्यावरचा) सेंट जॉर्ज, ड्रॅगनला मारणारा तो घोड्यावरचा संत, विल्यम वायनने कोरला. वायन लंडनच्या सरकारी टांकसाळीचा मुख्य कोरकाम करणारा होता हे खरं, पण हा घोडेस्वार त्याचा नव्हे. तो बेनेदेत्तो पिस्त्रुचीचा, १८१७ सालचा. भिंग घेऊन ड्रॅगनच्या खाली उजव्या कडेला बघा, बी.पी. अशी बारीक अक्षरं दिसतील. आमच्या आजीच्या डब्यातल्या गिनीवर ती झिजून जेमतेम उरलीत.

माणूस मूळचा रोमचा, रत्नांवर कोरकाम करणारा. १८१५ मध्ये लंडनला आला तेव्हाचा किस्सा भारी आहे. पेन नाइट नावाच्या बड्या संग्राहकाने फ्लोरा या रोमन फुलदेवतेचा एक कॅमिओ (रत्नावर कोरलेली उठावाची प्रतिमा) प्राचीन म्हणून मोठ्या कौतुकाने दाखवला. पिस्त्रुची म्हणाला, हा तर मीच केलाय! खूणही दाखवली. नाइटसाहेब काही केल्या मानेनात. तो कॅमिओ आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

परदेशी म्हणून टांकसाळीतलं मुख्य कोरकाम करणाऱ्याचं पद पिस्त्रुचीला मिळालं नाही. स्वभावही तिरसट, दुसऱ्याच्या शिल्पावरून राजाचा चेहरा कोरायला त्याने साफ नकार दिला. नेपोलियनला हरवलं त्या वॉटर्लूच्या लढाईच्या पदकाचं काम १८१९ ला मिळालं, साचे दिले १८४९ ला! तोवर ज्या राजांना पदक द्यायचं ते सगळे वारलेले, तिथला विजयी सेनापती वेलिंग्टन तेवढा हयात.

आणि हो, १९१८ मध्ये याच छापाच्या गिन्या मुंबईतही पाडल्या गेल्या. त्यांच्यावर बारीक 'आय' असतो. घरात असेल तर तपासा.