पिक्सेल आरास: रास्पबेरी पायवर हॅट बसवावी की बीगलबोनची केप घ्यावी?

मंडपातला_वायरमन

नमस्कार. साताऱ्यातील आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात रोषणाईचे काम माझ्याकडे असते. आजवर आम्ही एसडी कार्डावर चालणारा टी-१०००एस कंट्रोलर वापरत आलो आणि त्याची चित्रे एलईडी-एडिट या संगणकावरील सॉफ्टवेअरमध्ये तयार करत आलो. यंदा आरतीच्या ध्वनिमुद्रणाबरोबर दिवे तालात चालावेत अशी कार्यकर्त्यांची इच्छा आहे. त्या कंट्रोलरला आवाजाची काहीच सोय नसल्यामुळे ध्वनी आणि दिवे एकाच वेळी हाताने सुरू करावे लागतात, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत दोघांची फारकत झालेली असते.

मांडणी अशी आहे: मूर्तीच्या मागे ५० नोडचे (नोड म्हणजे स्वतःची चिप असलेला एक दिवा) ३२ उभे स्तंभ, म्हणजे १६०० नोड, शिवाय प्रवेशाच्या दोन कमानींवर प्रत्येकी २०० नोड. सर्व नोड ५ व्होल्टचे, १२ मिलिमीटरचे, डब्ल्यूएस२८११ चिपचे आहेत. नियंत्रणाचे टेबल मूर्तीच्या बाजूला असून कमानी तेथून सुमारे १२ मीटर दूर आहेत.

माझ्याकडे रास्पबेरी पाय ३ बी प्लस हा एका फलकावरचा छोटा संगणक आहे. त्यावर एफपीपी हे गाण्याबरोबर दिवे चालवणारे सॉफ्टवेअर टाकून जीपीआयओ १८ या पिनवरून एक माळ थेट जोडली. छोट्या वायरवर ती व्यवस्थित चालते, मात्र मध्ये चार मीटर वायर घातली की रंग बिघडतात. आणि हेडफोनच्या सॉकेटमधून आवाज सुरू केला की सगळी माळ सैरभैर होते. एवढ्या कामासाठी पायवर कोणती हॅट (वर बसणारा जोडफलक) बसवावी, की सरळ बीगलबोन ब्लॅक हा तसाच दुसरा छोटा संगणक आणि त्याची केप, म्हणजे त्याचा जोडफलक, घ्यावी? खर्च वर्गणीतून व्हायचा आहे, त्यामुळे नेमके कारण समजून मगच खरेदी करावी असे वाटते.

स्पंद_मापक

आपल्याकडे दोन वेगळे दोष एकाच वेळी दिसत आहेत, म्हणून ते आधी वेगळे करू.

आवाजाबरोबर माळ बिघडते याचे कारण वायरमध्ये नाही. पाय ३ वर हेडफोनच्या सॉकेटचा ध्वनी आणि जीपीआयओ १८ वरील पिक्सेलचा डेटा, ही दोन्ही कामे चिपमधील एकाच पीडब्ल्यूएम, म्हणजे स्पंद तयार करणाऱ्या, विभागाकडून करून घेतली जातात आणि दोघांना तो एकदम वापरता येत नाही. यूएसबी साउंड कार्ड लावा, एफपीपीच्या सेटिंगमध्ये ध्वनीसाठी तेच निवडा, आणि हा दोष संपेल. अगदी साधे कार्डही पुरते. कोणतीही हॅट घेतली तरी हा खर्च बहुधा टळणार नाही, कारण स्वतःचा ध्वनी-भाग असलेल्या हॅट थोड्या आहेत. आणि बीगलबोन ब्लॅकवर तर हेडफोनचे सॉकेटच नाही.

दुसरा दोष व्होल्टेजचा आहे. ५ व्होल्टवर चालणारी डब्ल्यूएस२८११ चिप डेटाच्या वायरवर पुरवठ्याच्या सुमारे ७० टक्के, म्हणजे साडेतीन व्होल्ट मिळाले तरच ‘एक’ असे खात्रीने मानते. पायचा पिन मात्र ३.३ व्होल्टच देतो. छोट्या वायरवर चिप ते चालवून घेते, पण नियमाने ते बसत नाही, आणि वायर लांबली की स्पंदाच्या कडा बोथट होऊन उरलीसुरली खात्रीही जाते. त्यावर उपाय म्हणजे मध्ये ७४एचसीटी२४५ किंवा ७४एएचसीटी१२५ यांसारखी बफर चिप घालणे, जी ३.३ व्होल्ट ओळखते आणि ५ व्होल्ट बाहेर टाकते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पिक्सेल-हॅटचा गाभा ही चिप, प्रत्येक आउटपुटवरचा एक छोटा रोधक, फ्यूज आणि स्क्रूची टर्मिनले एवढाच असतो. हे लक्षात आले की कोणत्या फलकाला किती पैसे द्यायचे हेही कळते.

हॅट येईपर्यंत चाचणी करायची असल्यास पहिल्या नोडच्या लाल, म्हणजे धन, वायरचा पुरवठा १एन४००७ डायोडमधून द्या. त्या नोडला सुमारे ४.३ व्होल्ट मिळतात, त्याची मर्यादा तीन व्होल्टपर्यंत खाली येते आणि पायचा सिग्नल त्याला स्पष्ट समजतो. पुढच्या नोडला तो सिग्नल ताजा करून देतो. ही तात्पुरती सोय आहे. दहा दिवसांच्या उत्सवात मी तिच्यावर विसंबणार नाही.

आता पाय की बीगलबोन, या मूळ प्रश्नाकडे येतो. डब्ल्यूएस२८११ ला प्रत्येक नोडसाठी २४ बिट लागतात आणि प्रत्येक बिटाला १.२५ मायक्रोसेकंद, म्हणजे एका नोडला ३० मायक्रोसेकंद. एका आउटपुटवर ८०० नोड लावले तर एक चित्र पाठवायला २४ मिलिसेकंद जातात. सेकंदाला ४० चित्रे हवी असतील तर तीच व्यवहारातील मर्यादा. सगळे १६०० नोड एकाच माळेत ओवले तर ४८ मिलिसेकंद लागतील आणि सेकंदाला जेमतेम २० चित्रे मिळतील. जीपीआयओ १८ आणि १९ मिळून पायला पीडब्ल्यूएमचे दोन आउटपुट मिळतात, म्हणजे २००० नोड प्रत्येकी हजारांत वाटले तर सेकंदाला ३३ चित्रांच्या आसपास मजल जाते. आरतीच्या लयीला ते चालेल, पण दोनच आउटपुट म्हणजे मंडपभर डेटाची वायर फिरवणे आले, आणि एक नोड गेला की त्याच्या पुढची अर्धी आरास अंधारात जाते. म्हणून निदान आठ आउटपुटचा फलक घ्यावा असे माझे मत आहे. मागच्या पडद्याचे चार भाग करून प्रत्येकी ४०० नोड ठेवले तर एक चित्र १२ मिलिसेकंदांत जाते आणि दुरुस्तीही सोपी होते.

ह्यूस्टनचे_दिवे

मी टेक्सासमध्ये राहतो. आमच्या घरावर दिवाळीपासून नाताळपर्यंत पिक्सेलचे दिवे असतात. एक्सलाइट्स या सॉफ्टवेअरमध्ये गाण्यावर दिव्यांची मांडणी करायची आणि एफपीपीवर ती वाजवायची हा शिरस्ता येथे असे दिवे लावणाऱ्यांमध्ये रुळलेला आहे. त्यामुळे बीगलबोनच्या बाजूने दोन शब्द.

लिनक्स एकाच वेळी अनेक कामे करत असते आणि मायक्रोसेकंदाच्या शिस्तीची हमी देत नाही. पाय यातून डीएमएच्या, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता मेमरीतून थेट डेटा पाठवण्याच्या सोयीच्या, मदतीने वाट काढतो. बीगलबोन ब्लॅकच्या चिपमध्ये मात्र मुख्य प्रोसेसरखेरीज पीआरयू नावाचे दोन छोटे प्रोसेसर आहेत. ते २०० मेगाहर्ट्झवर चालतात, प्रत्येक सूचना ५ नॅनोसेकंदांत पार पाडतात आणि लिनक्स काय करते आहे याची त्यांना फिकीर नसते. एकाच वेळी अनेक पिन हलवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवता येते, म्हणूनच १६, ३२ किंवा त्याहून अधिक आउटपुटच्या केप बीगलबोनसाठी फार पूर्वीपासून निघाल्या. परंतु बीगलबोनचे पिनही ३.३ व्होल्टचेच आहेत, म्हणजे बफर तेथेही लागतोच. आणि मोठ्या केपना एचडीएमआय व अंतर्गत ईएमएमसी साठवणीचे पिन हवे असतात, तेव्हा त्या सोयी बंद करून एसडी कार्डावरूनच यंत्र चालवावे लागते.

पूर्वी दोनाहून अधिक माळा म्हटले की बीगलबोन, असे समीकरण होते. एफपीपीमध्ये डीपीआय पिक्सेलची सोय आल्यापासून ते समीकरण राहिले नाही. पायच्या ४० पिनांवर पडद्यासाठी असलेला समांतर डीपीआय मार्ग आहे. त्याच्या २४ रंगरेषांवरून चित्राऐवजी पिक्सेलचे स्पंद पाठवले जातात. पाय ३ आणि ४ वर हे चालते. पाय ५ घेऊन टाका असे कोणी सुचवले तर जरा थांबा: त्यात जीपीआयओचा कारभार आरपी१ या वेगळ्या चिपकडे गेला असल्याने जुनी डीएमएची युक्ती जशीच्या तशी लागू पडत नाही. आपल्या २००० नोडसाठी हातात असलेला पाय ३ आणि डीपीआयवर चालणारी आठ आउटपुटची हॅट पुरेशी आहे. बीगलबोनचा खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही, आणि हे मी बीगलबोन वापरणारा माणूस म्हणून लिहितो आहे.

हॅट निवडताना दोन गोष्टी अवश्य पाहा. एक म्हणजे फलकावर ईईप्रॉम, म्हणजे फलकाची माहिती साठवणारी छोटी चिप, आहे का. असल्यास कोणते आउटपुट कोणत्या पिनवर आहे हे एफपीपी स्वतः वाचून घेते. नसल्यास ती माहिती आपल्याला निवडून द्यावी लागते. दुसरे म्हणजे बॅटरीवर चालणारे घड्याळ, म्हणजे आरटीसी. पाय ३ मध्ये ते नाही. मंडपात इंटरनेट नसेल आणि वीज जाऊन आली तर पायला खरी वेळ ठाऊक नसते, आणि संध्याकाळच्या आरतीचे वेळापत्रक भलत्याच वेळी सुरू होऊ शकते. डीएस३२३१ किंवा पीसीएफ८५२३ यांपैकी एखादी घड्याळाची चिप हॅटवर असेल तर ही काळजी मिटते.

एलईडी-एडिटमधील जुनी चित्रे मात्र सोडून द्यावी लागतील. एफपीपी एफएसईक्यू प्रकारची फाइल वाजवते आणि ती एक्सलाइट्समधून नव्याने तयार करावी लागते. आरतीच्या टाळ्यांच्या खुणा ध्वनिलहरीवर आधी हाताने उमटवून घ्या; आमच्याकडच्या गाण्यांपेक्षा ते काम पुष्कळ सोपे जाईल, कारण टाळी ऐकताच ओळखू येते.

कमान_आणि_केबल

वरील दोघांनी फलकाची चर्चा केली. मंडपात प्रत्यक्ष त्रास होतो तो अंतराचा आणि अँपिअरचा. म्हणून कमानींकडे अधिक लक्ष द्यावे.

बारा मीटरवर साधी एकेरी डेटा वायर न्यायची झाल्यास बफर असूनही ती चालेलच असे सांगता येत नाही. मध्ये एखादा नोड केवळ सिग्नल ताजा करण्यासाठी बसवता येतो. एफपीपीमध्ये त्याला नल पिक्सेल म्हणून नोंदवले की तो स्वतः उजळत नाही आणि मोजणीतही येत नाही. पण त्या नोडलाही पुरवठा लागतो आणि पावसात आणखी दोन सांधे वाढतात. डिफरेन्शियल रिसीव्हर हा अधिक सुरक्षित मार्ग आहे. यात हॅटकडून सिग्नल कॅट-५ या नेटवर्कच्या केबलच्या जोडवायरींतून जातो, चार जोड्यांवर चार माळांचा डेटा, आणि कमानीपाशी छोटा फलक त्याचे पुन्हा ५ व्होल्टच्या सिग्नलमध्ये रूपांतर करतो. दोन कमानींना दोन जोड्या पुरतात, दोन शिल्लक राहतात. हॅट घेताना तिला असा आउटपुट आहे ना, हे विक्रेत्याला विचारून घ्या.

कमानीला ईएसपी३२ हा वेगळा छोटा नियंत्रक फलक लावून त्यावर डब्ल्यूएलईडी हे दिव्यांचे सॉफ्टवेअर चालवणे हा तिसरा मार्ग आहे. एफपीपी त्याला नेटवर्कवरून डीडीपी या पद्धतीने चित्रे पाठवते. डीडीपीच्या एका पाकिटात ४८० नोड मावतात, म्हणजे दोन्ही कमानी एकाच पाकिटात गेल्या; ई१.३१ या दुसऱ्या पद्धतीत एका युनिव्हर्सला, म्हणजे डेटाच्या एका गटाला, १७० नोडची मर्यादा असल्याने असे तीन गट लागले असते. हा मार्ग स्वस्त आहे, परंतु वायफायवर तो मुळीच चालवू नये. दर्शनाच्या रांगेत शेकडो मोबाइल असतात, २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा गजबजून जातो आणि घरी सुरळीत चाललेली कमान ऐन आरतीत अडखळते. ईथरनेटचा सॉकेट असलेला ईएसपी३२ फलक घेणार असाल तरच हा विचार करा.

आता विजेचा हिशोब. हे नोड पूर्ण पांढऱ्या प्रकाशात प्रत्येकी ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतात, म्हणजे २००० नोडचे १२० अँपिअर, ५ व्होल्टवर ६०० वॉट. प्रत्यक्षात प्रखरता ३० टक्क्यांवर ठेवली तरी रात्री ती भरपूर दिसते आणि मागणी ४० अँपिअरच्या आत येते. हॅटच्या प्रत्येक आउटपुटवर सहसा ५ अँपिअरचा फ्यूज असतो, आणि ४०० नोडची माळ ३० टक्क्यांवरही सुमारे ७ अँपिअर घेते. याचा अर्थ हॅटमधून डेटा घ्यावा आणि पुरवठा वेगळ्या फ्यूज-फलकातून दर शंभर नोडच्या आसपास थेट माळेत द्यावा.

कमानींसाठी ५ व्होल्टची वायर टेबलापासून ओढण्याच्या भानगडीत पडू नका. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे १२ मिलिओहम असतो. जाऊन-येऊन २४ मीटर वायर धरली आणि कमानींचे ७ अँपिअर धरले तर वाटेतच २ व्होल्ट जातात. उरलेल्या तीन व्होल्टवर निळा रंग आधी मरतो आणि पांढऱ्याचा तांबूस होतो. त्यापेक्षा २३० व्होल्टची केबल कमानीपर्यंत न्या आणि एसएमपीएस (२३० व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा पुरवठा) तेथेच बंद पेटीत, जमिनीपासून उंच बसवा. उत्सव पावसाळ्यात येतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि योग्य अर्थिंग यांच्याशिवाय ती केबल सुरू करू नये. कमानीच्या लोखंडी पाइपाला लहान मुले हात लावतच असतात.

मंडपातला_वायरमन

सर्वांचे आभार. यूएसबी साउंड कार्ड लावून पाहिले आणि आवाजाबरोबर बिघडणे पूर्ण थांबले. डायोडची युक्तीही चार मीटरवर चालली. आता आठ आउटपुटची डीपीआय हॅट, घड्याळासह, आणि कमानींसाठी डिफरेन्शियल रिसीव्हर अशी मागणी समितीपुढे ठेवतो.

एक शंका राहिली. पडद्यासाठी ४० अँपिअरचे दोन एसएमपीएस आणि कमानींपाशी २० अँपिअरचा एक, असे तीन पुरवठे होतील. त्यांची जोडणी एकमेकांशी कशी करावी? शिवाय वीज गेली की आम्ही जनरेटरवर जातो आणि मध्ये काही सेकंद सर्व बंद असते.

स्पंद_मापक

पडद्याच्या दोन्ही पुरवठ्यांचे ऋण टोक आणि हॅटचा ग्राउंड एकत्र जोडलेच पाहिजेत, कारण डेटाचे व्होल्टेज त्याच्याच संदर्भाने मोजले जाते. धन टोके मात्र एकत्र करू नयेत. जेथे एका एसएमपीएसचा भाग संपून दुसऱ्याचा सुरू होतो तेथे माळेची लाल वायर तोडावी आणि डेटा व ग्राउंडच्या वायरी अखंड ठेवाव्यात. दोन एसएमपीएसचे व्होल्टेज थोडेसे वेगळे असतेच, आणि लाल वायर जोडलेली राहिली तर जास्त व्होल्टेजचा पुरवठा दुसऱ्याच्या वाट्याचे ओझेही ओढू लागतो. कमानीपाशी ऋण टोक रिसीव्हरच्या ग्राउंडला जोडा. तो ग्राउंड कॅट-५ मधून हॅटपर्यंत येतो की नाही हे त्या फलकाच्या आकृतीत पाहून घ्या.

जनरेटरच्या बदलासाठी केवळ पाय आणि ध्वनीची जोडणी छोट्या यूपीएसवर ठेवा. दिवे काही सेकंद विझले तरी आरती चालू राहते आणि पुरवठा परत येताच माळा चालू चित्रावरच उजळतात, कारण एफपीपी मध्ये थांबलेले नसते. अचानक वीज तोडल्याने एसडी कार्ड खराब होण्याचा धोकाही त्यामुळे कमी होतो. तरीही त्याच कार्डाची एक तयार प्रत टेबलाच्या खणात ठेवा.

ह्यूस्टनचे_दिवे

एक भर घालतो. नोड नव्या खोक्यातले असतील तर पडद्यावर चढवण्यापूर्वी एफपीपीच्या चाचणीत फक्त लाल रंग लावून रंगक्रम तपासा. एकाच दुकानातून आलेल्या दोन खोक्यांतही आरजीबी (लाल-हिरवा-निळा) आणि जीआरबी (हिरवा-लाल-निळा) असा फरक निघतो. तो प्रत्येक आउटपुटसाठी सेटिंगमध्ये बदलता येतो, पण त्यासाठी एका आउटपुटवरच्या चारशे नोडच्या सर्व माळा एकाच खोक्यातल्या असलेल्या बऱ्या.