उशीमागे ट्रान्सफॉर्मर आणि उडालेली झोप, फील्ड की मनाचे खेळ?

निशाचर७: माझ्या उशीमागच्या भिंतीपलीकडे बिल्डिंगच्या ट्रान्सफॉर्मरची खोली आहे. महिनाभर झोप धड नाही, सकाळी डोकं जड, दिवसभर चिडचिड. मेंदू स्वतःच विजेवर चालतो, मग रात्रभर ५० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं करणारं चुंबकीय फील्ड डोक्याशी असून काहीच होत नाही हे मला पटत नाही. डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने २००२ मध्ये याला संशयितांच्या यादीत टाकलंय, ते काय उगीच?

ओहमशांती: ते २बी, म्हणजे "कदाचित कॅन्सरकारक" गट, आणि तेही लहान मुलांच्या ल्युकेमियावरून (रक्ताचा कॅन्सर), झोपेशी त्याचा काडीचा संबंध नाही. "मेंदू विजेवर चालतो" ठीक, पण फील्ड किती ते बोल ना. डोळ्यांपुढे नुसती चमचम दिसायला मिलिटेस्लात फील्ड लागतं, तेही २० हर्ट्झच्या आसपास, आणि ५० हर्ट्झला सामान्य लोकांसाठीची मर्यादाच २०० मायक्रोटेस्ला आहे (१००० मायक्रो म्हणजे एक मिलिटेस्ला).

तिरपागडा: म्हणजे चमचम दिसते हे मान्य! मग परिणाम होतो, प्रश्न फक्त किती फील्डला एवढाच. डिप्रेशनवर डोक्याला कॉइल लावून टीएमएस, म्हणजे मेंदूला चुंबकीय झटके देतात, अमेरिकेत २००८ पासून मान्यता आहे. चुंबकाने मूड बदलतो की नाही?

ओहमशांती: अरे ती कॉइल कवटीला टेकवलेली असते, टेस्लाच्या घरातलं फील्ड, ते पण मिलिसेकंदाहून कमी वेळात चढतं-उतरतं. भिंतीपलीकडच्या ट्रान्सफॉर्मरशी तुलना म्हणजे बंबाच्या पाण्याची दवाशी.

तिरपागडा: आणि जर्मनीतला संशोधक वेव्हरचा बंकर? माणसं घड्याळाशिवाय कोंडली, न सांगता १० हर्ट्झचं अगदी हलकं फील्ड सोडलं आणि त्यांच्या शरीराचा झोप-जागेचा दिवस आखूड झाला. तिथे कुठे टेस्ला होते?

ओहमशांती: हा प्रयोग मलाही खटकतो, कबूल. पण ते इलेक्ट्रिक फील्ड होतं, आणि मोजकी माणसं. उलट "मला फील्ड जाणवतं" म्हणणाऱ्यांना बंद खोलीत बसवून न सांगता चालू-बंद केलं तर बहुतेकांना ओळखता येत नाही, फील्ड बंद असतानाही डोकं दुखतं. दुखणं खरं, कारण दुसरं.

काजवा: मध्येच बोलते, सॉरी. निशाचर, तो ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो का? ५० हर्ट्झवर त्याच्या आतल्या गाभ्याचा पत्रा सेकंदाला १०० वेळा ताणतो-सैलावतो, आवाज भिंतीतून पलंगात उतरतो. दिवसा गोंगाटात कळत नाही.

निशाचर७: आत्ता भिंतीला कान लावून आलो. घुंऽऽऽ चालूच आहे. उशीवर हात ठेवला तर तळव्यालाही लागतंय.

तिरपागडा: तरी मीटर आणून फील्ड मोजच तू.