डोळे मिटले तर चंद्र नसतो का? पुंजयांत्रिकीवरील कवितेविषयी एक प्रश्न

सांजतारा:
पुंजयांत्रिकीतील (क्वांटम मेकॅनिक्स, म्हणजे अणू-रेणूंच्या सूक्ष्म जगाच्या भौतिकशास्त्रातील) विरोधाभासांवर मी एक दीर्घकविता लिहीत आहे. आपण पाहतो तेव्हाच चंद्र असतो असे तुम्हाला खरोखर वाटते का, असे आइन्स्टाइन यांनी एकदा चालता चालता भौतिकशास्त्रज्ञ अब्राहम पाइस यांना विचारले होते. माझ्या कवितेतील स्त्री त्या प्रश्नाला होकार देते: तिने डोळे मिटले की जग अनिश्चित होते आणि उघडले की एक रूप धारण करते. जाणकारांना हे कितपत मान्य होईल?

विज्ञानवेडा:
मान्य होणार नाही, आणि कविता म्हणूनही ही कल्पना मला वापरून गुळगुळीत झालेली वाटते. अनिश्चितता नाहीशी व्हायला पाहणारे मन लागत नाही. व्हिएन्नात 1999 मध्ये साठ कार्बन अणूंचे फुलरीन रेणू बारीक फटींच्या जाळीतून सोडले, तेव्हा त्यांचे व्यतिकरण दिसले, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळल्यावर उमटतात तसे पट्टे उमटले. म्हणजे प्रत्येक रेणू अमुक एकाच फटीतून गेला असे म्हणता येत नव्हते. पुढे 2004 मध्ये तेथेच सत्तर अणूंचे रेणू लेसरने तापवण्यात आले, तेव्हा ते जसजसे अधिक तापले तसतसे व्यतिकरणाचे पट्टे पुसट होत गेले, कारण तापलेला रेणू स्वतःच प्रकाशकण सोडतो आणि आपण कुठे आहोत याची खूण भोवतालात ठेवून जातो. ती खूण कोणी वाचली नाही, तरी परिणाम तोच. स्वतःच्याच उजेडाने फितूर होणारा हा रेणू आपल्या कवितेला अधिक काही देईल.

अर्धमात्रा:
वरील विवेचन योग्य असले तरी अपुरे आहे. पट्टे का पुसतात हे त्यातून कळते. मात्र अनेक शक्यतांपैकी नेमकी हीच का प्रत्यक्षात आली, हे कळत नाही. भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न यांचा 1926 चा नियम प्रत्येक निकालाची केवळ संभाव्यता सांगतो. कवीला खरी जागा इथे आहे. (भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगर यांचे एकाच वेळी जिवंत आणि मृत असलेले काल्पनिक मांजर मात्र कृपया आणू नये. 1935 मध्ये त्यांनी ते विसंगती दाखवण्यासाठी उपरोधाने मांडले होते. हल्ली ते प्रत्येक कवितेत म्याव करते.)

सांजतारा:
मांजर वगळले. दुसऱ्या भागात दुरावलेले प्रेमी गुंतलेल्या कणांच्या (दूर असूनही ज्यांच्या मोजमापांचे निकाल एकमेकांशी जुळतात अशा कणांच्या) रूपात येतात आणि एकाचे दुःख दुसऱ्याला तत्क्षणी कळते. ते तरी चालेल का?

विज्ञानवेडा:
‘कळते’ हे चालणार नाही. गुंतलेल्या कणांद्वारे निरोप धाडता येत नाही. प्रत्येकाला आपापल्या जागी यादृच्छिक निकालच दिसतात आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावरच त्यांतील मेळ उघड होतो. निघतानाच सोबत बांधून दिलेल्या उत्तरांनी तो मेळ समजावता येत नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांच्या 1964 च्या प्रमेयावर आधारलेल्या प्रयोगांतून दिसले आहे. तेव्हा दोघांनाही रोजनिशी लिहू द्यावी आणि त्या दोन्ही तिसऱ्याच कोणाच्या तरी हाती पडू द्याव्यात.